कापसातला बेस

विठ्ठलरावांच्या घरून कापसाची गाडी निघाल्याशिवाय गावातला कोणी शहाणा माणूस आपला कापूस विकायला काढत नसे. नेरच्या बाजारातून कोणी परत आला की लोक भावाच्या आधी विचारत, "इठ्ठलरावनं काढला का?" नाही म्हटलं की मंडळी पुन्हा निवांत. विठ्ठलराव थांबलेत म्हणजे भाव चढणार. चढला तर विठ्ठलरावांची नजर, पडला तर सरकारचं धोरण. दोन्हीकडून अशी सोय असल्यामुळे त्यांच्या लौकिकाला कधी धक्का लागला नाही.

खुद्द विठ्ठलरावांना कापसाच्या भावाबद्दल बोलताना मात्र कोणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणत, हीच तर हुशारी. ते बोलत ते बेस गिटारबद्दल. शामरावांच्या ऑर्केस्ट्रात ते तरुणपणापासून मागच्या रांगेत उभे राहून बेस वाजवत. लग्नाच्या मांडवात गाणाऱ्याला पाहून लोक टाळ्या वाजवत, कीबोर्डवाल्याला फर्माईश करत, आणि विठ्ठलरावांना विचारत, "तुमच्या गिटारले दोन तारा कमी काहून हो?" ते म्हणत, "तेवढ्याच पुरतात." ऑर्केस्ट्रात बेसवाल्याचं असं असतं की तो वाजवतो तोवर कोणाला ऐकू येत नाही, थांबला की मात्र काहीतरी बिघडलं एवढं सगळ्यांना कळतं.

पोळ्याच्या आधी विठ्ठलराव गेले आणि काहीतरी बिघडलं.

त्यांची मुलगी अंजू पुण्यात एका प्रकाशनाकडे पुस्तकं तपासायचं काम करायची. दुःखावरची चांगली पुस्तकं तिनं आधीच वाचलेली होती, काही तर तिनंच तपासली होती. त्यातल्या एकातही मोबाइलच्या स्पीकरबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. बाबांचे ऑर्केस्ट्रातले व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होते. त्यात गाणारा ऐकू येई, ढोलक ऐकू येई, मागे रडणारं कोणाचं तरी पोर ऐकू येई. बाबांची बोटं तारांवर फिरत, मान डोलत असे, आणि आवाज नसे. तिनं चांगले हेडफोन आणून पाहिले. पण मोबाइलनं जे घेतलंच नव्हतं ते तो देणार कुठून? सगळ्या गावाचा आवाज तिच्याजवळ होता, बापाचा तेवढा नव्हता.

म्हणून संक्रांतीनंतर शामरावांचा फोन आला, "बेटा, विठ्ठलच्या नावानं शाळेच्या मैदानात प्रोग्राम ठेवतो, त्याचा बेस गावातला सोनू वाजवीन," तेव्हा ती लगेच म्हणाली, "काका, ॲम्प आणि आवाजाचं माझ्याकडे." रजा टाकून ती गावी आली. तिला प्रोग्रामशी फारसं देणंघेणं नव्हतं. बाबा घरी, मागच्या खोलीत बसून वाजवायचे आणि पलीकडे अभ्यास करताना भिंतीतून तिला ऐकू यायचा, तो आवाज एकदाच, शेवटचा, तिला ऐकायचा होता. तो घुमत नसे. प्रत्येक स्वर सुटा यायचा, कोणीतरी सावकाश पायऱ्या चढत असल्यासारखा, आणि थांबला की तिथल्या तिथे थांबायचा.

ती आली तेव्हा मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. शेत बटईनं दिलेलं, पण हिश्शाचा कापूस नेहमीप्रमाणे घरी येऊन पडलेला. एका कोपऱ्यात खुर्चीपुरती जागा, बाबांनीच दरवर्षी कोरून ठेवायची तशी, यंदाही आईनं सवयीनं ठेवलेली.

"इथी सरावाले सोनू बसन कुठी आन् नवा डबा ठेवसान कुठी?" आई म्हणाली. गावात बाबांच्या ॲम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, डबाच म्हणत. आईचं नाव बेबीताई, आणि डब्याशी तिचं वैर जुनं होतं.

"कापूस काढून टाकू," अंजू म्हणाली. "खोली मोकळी होईल आणि नवा ॲम्पही येईल."

"आता काढतं? तुये बाबा असते तं..."

"आई, बाबा नाहीत."

दुसऱ्या दिवशी गाडी भरली. गाडी देवळापर्यंत पोचायच्या आत गावाला कळलं होतं. विठ्ठलरावांच्या घरानं काढला! पोरगी पुण्याहून आली, तिला काहीतरी आतलं कळलं असणार. त्या आठवड्यात नेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. एक उकंडाच तेवढा थांबला. उकंडाचं घर विठ्ठलरावांच्या घराला लागून, शेतही लागून, आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापायी विठ्ठलराव जे करतील त्याच्या उलट करायचं हे त्यानं जन्मभर पाळलेलं व्रत होतं. विठ्ठलराव थांबत म्हणून तो सगळ्यात आधी विकून मोकळा होई. यंदा विठ्ठलरावांच्या घरानं आधी विकला, म्हणून तो थांबला. विठ्ठलराव वारले म्हणून व्रत मोडायचं कारण त्याला दिसलं नाही.

इकडे रिकाम्या खोलीत आधी बाबांचा जुना डबा लावून पाहिला. सोनूचा स्वतःचा डीजे होता, वरातीत त्याच्या गाडीपुढे नाचणाऱ्यांचे दात वाजत. त्यानं पहिली तार छेडली तशी फळीवरची भांडी थरथरली, पत्रे कुंथले, आणि आवाज खोलीभर लोळत राहिला.

"ताई, खतरनाक! छाती हालून राह्यली."

"छाती हलवायची नाही, सोनू."

"मंग बेस कायले म्हनाचं?"

अंजूनं आवाजाबद्दल रात्रंदिवस वाचून ठेवलं होतं. तिनं खालचा आवाज कमी केला, मधला वाढवला. सोनू म्हणाला, "आता नाकात बोलून राह्यला." डबा कोपऱ्यातून काढला, जमिनीवरून उचलून खाटेवर ठेवला. घुमणं कमी झालं, पण गेलं नाही. सोनूनं चढवलेल्या नव्या तारा काढून बाबांच्या जुन्या, काळ्या पडलेल्या तारा पुन्हा चढवल्या. मग नागपूरहून नवा ॲम्प आला, वजनाला हलका, बटणांनी भरलेला. त्याचा आवाज बँकेतून फोन करणाऱ्या बाईसारखा होता, स्वच्छ आणि कोणाचाच नसलेला.

शामराव ऐकायला आले. डोळे मिटून त्यांनी नव्या ॲम्पवर एक गाणं ऐकलं आणि रुमाल काढला. "वा! सोनू, विठ्ठल उभा केला गा तू."

अंजूनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच ऐकू आला होता. तीस वर्षं ते बाबांच्या पुढे उभे राहून गायले होते, त्यांच्याकडे पाठ करून.

प्रोग्राम फार चांगला झाला. फोटोला हार, भाषणं, मग गाणी. सोनूचा बेस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दाण्यावाल्याच्या गाडीपर्यंत पोचला. लोक अंजूला येऊन सांगत होते, हुबेहूब विठ्ठलराव. जन्मात ज्यांनी बेस कोणता आणि ढोलक कोणतं हे ओळखलं नव्हतं, तेही सांगत होते. ती सगळ्यांना हात जोडत होती. इतक्या लोकांना सापडलेला माणूस आपल्यालाच कसा सापडत नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

सामान मागच्या खोलीत परत आणून ठेवलं, त्या दुपारी ती दोन दिवसांनी निघायच्या विचारात होती. वायर गुंडाळता गुंडाळता तिनं हाक मारली, "आई!"

"आई," खोली म्हणाली.

ती थबकली. तिनं पुन्हा हाक मारली. खोलीनं पुन्हा ओ दिली. लहानपणापासून ती या खोलीत बाबांना जेवायला बोलवायला येत होती, आणि खोलीनं कधी उत्तर दिल्याचं तिला आठवेना. उलट इथे बोललेलं तोंडासमोरच पुसून जायचं, म्हणून तिला लहानपणी इथे बोलायला भीती वाटायची. तेव्हा इथे कापूस असायचा.

बेबीताई पदराला हात पुसत आल्या. "काय वं, कायले ओरडतं?"

अंजू मांडणीकडे पाहत होती. तिथे बाबांनी आयुष्यभर आणलेली सामग्री ओळीनं होती, बटणांचे डबे, तारांची पाकिटं, वायरी, दोन जुने स्पीकर. "आई, हे सगळं बाबांनी कधी आणलं?"

"कधी म्हंजे? उन्हाळ्यात. कापूस गेला का त्याइचं सुरू, आवाज बिघडला, आवाज बिघडला. मंग नागपूरले जात, अमरावतीले जात. पानकाळाभर कुरकूर. दिवाळी झाली, घरात कापूस येऊन पडला, का एकदम खूश. म्हनत, बेबी, आता जमला पाह्य सेट."

"आणि मग तो जमलेला सेट मोडायला नको म्हणून..."

"मंग पुढच्या उन्हाळ्यात परत बिघडे. मले तं वाटे, त्याइच्या कानातच काही असन."

अंजू हसली. पोळ्यापासून ती अशी हसली नव्हती, त्यामुळे आईला आधी कळेना की हसते आहे का रडते आहे. आवाज कापसाचा होता. हिवाळ्यात छतापर्यंतचा कापूस सगळं घुमणं पिऊन घ्यायचा आणि उरायच्या त्या सुट्या पायऱ्या. बाबांनी त्याचं श्रेय दरवर्षी नव्या सामानाला दिलं होतं. त्यांना हिवाळ्यात वाजवण्यातून उठवत नसे म्हणून ते गाडी सांगायचं पुढे ढकलत, आणि गाव त्यांच्या मागे थांबून भावाची वाट पाहत बसे. एवढी मोठी गंमत होती ही, आणि ती सांगितल्यावर जो माणूस खुर्चीवरून उठून कपाळाला हात लावून हसला असता, तो एकच माणूस ऐकायला नव्हता. तिनं मग ती आईलाच सांगितली.

बेबीताईंनी रिकाम्या खोलीत नजर फिरवली. "आन् आपन तोच इकून डबा आनला," त्या म्हणाल्या.

गावात आता कापूस एकाच घरी होता.

उकंडानं दारातच विचारलं, "मी कधी काढतो थे पाहाले आली का?"

"नाही काका. मले तुमच्या कापसाच्या खोलीत थोडा वेळ वाजवू द्या. म्हंजे सोनू वाजवीन." गावच्या बोलीत बोलताना तिचा आवाज थोडा बाबांसारखा होई.

"कापसात? गिटार?" उकंडानं मागे उभ्या सोनूकडे, त्याच्या खांद्यावरच्या जुन्या डब्याकडे पाहिलं. "का बा, नाचनार हाय का माया कापूस?"

आतून सुखीबाई, त्याची बायको, म्हणाली, "वाजवू द्या ना. जन्मभर भिंतीतून ऐकलंच ना तुमी. हिवाळ्यात तं खाट त्याच भिंतीले लावत होते."

"थे गरम असे म्हून," उकंडा म्हणाला, आणि बाजूला झाला.

सोनूनं कापसात खुर्चीपुरती जागा केली आणि बसला. अंजू मात्र आत थांबली नाही. ती भिंतीच्या पलीकडे, सुखीबाई तूर निवडत बसली होती तिथे जाऊन बसली आणि सुपातली मूठभर तूर समोर घेतली.

सोनूनं सवयीनं छाती हलवणारं काहीतरी सुरू केलं. कापसानं ते गिळून टाकलं. तो थांबला. मग त्यानं शामरावांच्या प्रोग्रामातलं एक संथ गाणं धरलं, आणि भिंतीतून पहिली पायरी आली. मग दुसरी. सुटी, भरीव, आपल्या जागी थांबणारी. अंजूच्या हातातली तूर तशीच राहिली. सुखीबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून खडे वेचायला लागली. अंगणात उकंडा कुणाला तरी काहीतरी सांगत होता, तो मध्येच गप्प झाला.

गाणं संपल्यावर सोनू दारात आला. अंगाला कापूस चिकटलेला, दंड खाजवत होता. "ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "थे म्या नाई वाजवलं."

कुंपणापलीकडून बेबीताईंचा आवाज आला, नेहमीचा, वैतागलेला, "झालं असन तं या आता, भाकरी थंड होऊन राह्यली!" आणि मग आपण कोणाला हाक मारली हे कळून त्या गप्प झाल्या.

अंजूनं आपलं निघणं पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती ती अशी: विठ्ठलरावांच्या पोरीनं स्वतःचा कापूस विकून सगळ्यांना विकायला लावला आणि आता उकंडाच्या कापसाजवळ बसून काहीतरी करते आहे. यात भावाचं काहीतरी असलंच पाहिजे. ज्यांनी विकला होता ते हळहळले. दोघेतिघे सोनूला बाजूला घेऊन विचारूनही गेले की पुढच्या साली तो डबा आमच्याकडे ठेवता येईल काय.

दोनचार दिवसांनी उकंडा स्वतः बेबीताईंच्या अंगणात आला. धुऱ्याच्या भांडणानंतर तो या अंगणात आलेला नव्हता. तो बसला नाही.

"वहिनी, पोरीले विचारा," तो दुसरीकडे पाहत म्हणाला. "यापारी येऊन राह्यला. काढू का आता?"

अंजू ओट्यावर बसली होती. तिला बाजारातलं खरंच काही माहीत नव्हतं. भाव चढेल का पडेल, हे तिनं कुठे वाचलंही नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि सोनू अजून वाजवायला यायचा होता.

"भावाचं मले काही समजत नाही, काका," ती म्हणाली. "पण थांबा अजून."

उकंडानं समाधानानं मान हलवली. परत जाताना कुंपणाशी उभ्या सुखीबाईला तो म्हणाला, "इठ्ठलबी भावाचं बोलत नसे कधी. हेच तं हुशारी हाय त्याइची."