बोटांना शीर लागेना

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची मुंगीताई. तिची सुई मुंगी चावल्याइतकीच लागते, असं कधीतरी एक पेशंट म्हणाला आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. अठरा वर्षं ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून, कोपराच्या खळगीत बोट फिरवून रक्त काढत होती. "शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते," असं ती नव्यांना सांगायची. "दाबलं की जरा उसळी घेते, ती शीर."

आणि त्या हिवाळ्यात तिच्या बोटांना कळेनासं झालं.

पहिल्यांदा झालं ते फ्रीजमधून नमुन्यांचा ट्रे काढताना. उजव्या हाताची मधली तीन बोटं पांढरी फटक पडली, दुसऱ्या पेरापर्यंत, रेघ मारल्यासारखी. टोचलं तरी कळेना. मग ती निळसर झाली, मग लालबुंद, आणि हजार सुया एकदम टोचाव्यात तशी ठणकायला लागली. पाव तासात सगळं पूर्ववत. सगळ्यांनाच थंडी वाजते, म्हणून तिनं ते सोडून दिलं. पण आठवड्यानं पुन्हा झालं, मग दिवसाआड, मग रोज. पायाची बोटंही तशीच.

तिनं कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वालाखाची! लॅबमध्ये राहून आजारांची नावं तिला भरपूर माहीत झालेली, इलाज मात्र अर्धेमुर्धेच. त्यामुळे मन चिंती ते वैरी न चिंती. एकदा सगळे जेवायला गेल्यावर तिनं स्वतःची साखर तपासून पाहिली. ती नॉर्मल निघाली, तर हायसं वाटायच्या ऐवजी ती आणखीच घाबरली. साखर नाही, मग काय? ती एप्रनच्या खिशात गरम पाण्याची छोटी बाटली ठेवायला लागली आणि प्रत्येक पेशंटआधी खिशात हात घालून उभी राहायची.

घरी ती आणि सासू दोघीच. नवरा मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. सासूची नजर म्हणजे घार.

"हात पिठात घातले होतेस की काय गं?"

"थंडी आहे आई."

"थंडी मलाही आहे. माझी बोटं सुरकुतलीत, पण जिवंत माणसाची तरी दिसतात."

तिनं हसण्यावारी नेलं.

दर महिन्याला एक निवृत्त शिक्षक तिच्याकडे यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, आणि ते नेमकं किती पातळ आहे हे सारखं तपासावं लागे. "आयुष्यभर मी पोरांना टोचून बोललो," ते म्हणायचे, "आता तुम्ही मला टोचा. फिटंफाट!"

त्या सकाळी ती बोचऱ्या वाऱ्यातून स्कूटरवर आली होती. खोलीत मशीनसाठी एसी चालू. रांग दाराबाहेर गेलेली. मास्तर खुर्चीत बसले, बाही वर केली. तिनं खळगीत बोट ठेवलं. जाड गोधडीवरून चाचपावं तसं लागत होतं. म्हणजे काहीच लागत नव्हतं. जरा थांबा, एवढं म्हणायला हवं होतं. पण मागचा माणूस घड्याळ बघत होता. तिनं अंदाजानं सुई घातली.

रक्त थोडं आलं, मग थांबलं. सुई शिरेतून आरपार गेली होती. तिनं ती काढून कापूस दाबला. नीट दाबला असं तिला वाटलं. बोटांना तर कळतच नव्हतं. मग कापसावर चिकटपट्टी लावून त्यांना पाठवलं.

अर्ध्या तासानं मास्तरांची मुलगी त्यांना धरून परत घेऊन आली. कोपरापाशी लिंबाएवढी गाठ आलेली आणि त्याखाली हात जांभळा होत चाललेला.

"काय करून ठेवलंत हे?" मुलगी कडाडली.

"तिला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "माझ्याच शिरा कामातून गेल्यात."

लॅबच्या प्रमुख डॉक्टर, मॅडम, आतून आल्या. शिरांचं ते कारण कुणालाही पटलं असतं. म्हातारा माणूस, पातळ रक्त. मुंगीताईनं नुसतं गप्प बसायचं होतं.

भीतीनं तिची बोटं पुन्हा पांढरी पडली होती. तिनं हातमोजे ओढून काढले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"शिरा चांगल्या आहेत तुमच्या, मास्तर. माझ्याच बोटांना काही लागत नव्हतं. तरी मी टोचलं."

मॅडमनी आधी गाठ दाबून धरली. बर्फाची पिशवी आणायला मुंगीताई वळली, तर म्हणाल्या, "तू नको. त्या बर्फाला हात लावू नकोस." मास्तरांना दोन तास झोपवून ठेवलं. सूज वाढायची थांबली तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

"किती दिवस चाललंय?" मॅडमनी मग विचारलं.

"दोन महिने."

"आणि मला आज सांगतेस?"

"काम काढून घ्याल म्हणून..."

"घेणारच. आजपासून सुई बंद. उद्या डॉक्टर."

डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "याला रेनॉड म्हणतात. थंडीनं किंवा मनावर ताण आला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बहुतेकांना नुसता त्रासच असतो. पण चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, की मागे दुसरा आजार लपलेला नाही ना, हे बघावं लागतं."

"कसला?"

"आधी रक्त तपासू."

अठरा वर्षांत पहिल्यांदा ती आपल्याच लॅबमध्ये त्या खुर्चीत बसली. रिपोर्टला आठवडा लागणार होता. तोवर तिला काउंटरवर नावं लिहायला बसवलं. जुने पेशंट विचारत, "आज तुम्ही नाही?" ती म्हणे, "आज नाही."

सहाव्या दिवशी दुपारी रिपोर्ट कॉम्प्युटरवर आला. तो डॉक्टरांनी उघडायचा असतो, हे तिला माहीत होतं. तरी तिनं उघडला. शरीर स्वतःवरच उलटलंय का, हे दाखवणारी चाचणी पॉझिटिव्ह.

भेटीची वेळ तीन दिवसांनी होती. ते तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला. रेनॉडच्या मागे कातडी आणि अन्ननलिका घट्ट करत नेणारा आजार असू शकतो, हे तिनं लॅबमध्येच ऐकलेलं. ती आरशासमोर उभी राहून गालाची कातडी चिमटीत धरून बघायची, घट्ट झाली का? पाण्याचा घोट घशातून नीट उतरतो का, हे मोजायची. इतक्या वेळा मोजलं की खरंच अडकल्यासारखं वाटायला लागलं.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं सासूला सगळं सांगितलं.

सासूनं शांतपणे ऐकलं. "बोटीवर कळवलंस?"

"नाही."

"मग आधी कळव. तो तिकडे काही करू शकणार नाही, पण नवरा आहे तुझा." मग जवळ सरकून तिनं मुंगीताईचे हात आपल्या हातात घेतले आणि चोळायला लागली. "आणि उद्या मी येतेय बरोबर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून भिंगातून एकेक बोट पाहिलं. बराच वेळ.

"इथल्या रक्तवाहिन्या चांगल्या दिसतायत. रिपोर्ट हलकासा पॉझिटिव्ह आहे, तसा तो धडधाकट माणसांतही येतो. आज दुसरा आजार नाही."

"आणि उद्या?" तिनं विचारलं.

"होणारच नाही, असं लिहून देता येत नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. बोटाला जखम झाली, तर त्याच दिवशी."

त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली. त्या गोळीनं सुरुवातीला डोकं दुखायचं, पण झटके कमी झाले. मॅडमनी रक्त काढायचं टेबल मशीनच्या खोलीतून बाहेर, उन्हाच्या खिडकीशी हलवलं आणि महिन्याभरानं तिला सुई परत दिली. अट एकच: बोटं पांढरी दिसली की त्या क्षणी थांबायचं, रांग कितीही असो. मास्तरांचा हात हिरवापिवळा होत बरा झाला, पण त्यांची मुलगी त्यांना दुसऱ्या लॅबमध्ये नेऊ लागली. तिला दोष कसा द्यायचा?

सहा महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. सगळं होतं तसंच होतं.

"सुटलीस," सासू बाहेर बाकावर बसून म्हणाली.

"पुढच्या तारखेपर्यंत," ती म्हणाली. ती तारीख हिवाळ्यातली होती. तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दोघी चालायला लागल्या.