झाकणाचा मोठा तुकडा

“नाही म्हणजे? आजच्यापुरती संपली का?”

“संपली नाही हो काका, बंदच झाली. सगळा मेनूच बदलला.”

ओळंबे काउंटरपाशी उभे होते, ते तसेच उभे राहिले. मागे रांग खोळंबली होती, कुणाचं तरी पोर आइस्क्रीमसाठी भोकाड पसरून रडत होतं. काउंटरच्या मागे पूर्वी खडूने लिहिलेला काळा फळा असायचा. आता तिथे तीन मोठे पडदे लागले होते आणि त्यांवर हिरव्या पाल्याने भरलेली वाडगी आणि वर बिया पेरलेले पाव आळीपाळीने येत-जात होते.

“एकदा नीट बघा ना,” ओळंबे म्हणाले. “बिडाच्या छोट्या तव्यात यायची. वर चीजचा खरपूस थर. बारा वर्षं खाल्लीय मी इथे.”

“काका, ती भट्टीच काढून नेली. तुम्ही असं करा, त्या पडद्यावर बोट लावा, बरंच काही आहे बघा.”

काउंटरवरच्या मुलीचा आवाज गोड होता, तिची काही चूकही नव्हती. पण ओळंब्यांचं तोंड पार उतरलं. आता मॅकरोनी मिळते की नाही एवढं बघायला कुणी करमणूक उद्यानाचं तिकीट काढून, दोन बस बदलून येतं का? ओळंबे आले होते.

ओळंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते लिफ्ट तपासनीस. लिफ्टचे रूळ सरळ उभे आहेत का, हे बघायला वरून दोरीला वजन बांधून सोडतात, त्या वजनाला ओळंबा म्हणतात. हा माणूसही तसाच. सरळ, जड आणि गप्प. कामावर कुणीतरी गमतीने नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की रखवालदारसुद्धा ‘ओळंबेसाहेब’ म्हणून सलाम ठोकायचा. कुठलीही लिफ्ट माणसांसाठी सुरू करण्याआधी ते ती एकदा रिकामी वर-खाली फिरवायचे. तीस वर्षांत एकदाही त्यांनी रिकामी फेरी चुकवली नव्हती. आजचा शनिवार ही तशीच रिकामी फेरी होती. माणूस उद्या यायचं होतं.

ते माणूस म्हणजे त्यांची लेक.

चार दिवसांपूर्वी तिचा निरोप आला होता. ‘ऐक ना, रविवारी तुझ्या गावावरून जातेय. गाडी बदलायची आहे, मधे चार तास आहेत. जहाजात जाऊ या? मॅकरोनी खायचीये.’ ओळंब्यांनी तो निरोप इतक्या वेळा वाचला की फोनची बॅटरी संपली. सात वर्षं झाली होती तिला बघून.

जहाज म्हणजे हेच उपाहारगृह. मोठ्या पाळण्याच्या पायथ्याशी, जहाजासारखं बांधलेलं. गोल खिडक्या, भिंतीवर रंगवलेले मासे, आणि वाढणाऱ्यांच्या डोक्यावर कप्तानाच्या टोप्या. लेक सहा वर्षांची असताना नवरा-बायको वेगळे झाले आणि कोर्टाने ओळंब्यांना महिन्यातून एक रविवार दिला, अकरा ते पाच. आता बाप मुलीला घेऊन जाणार तरी कुठे? त्यांच्या खोलीत एक खाट आणि एक ट्रंक. म्हणून मग हे उद्यान. पाळण्यात बसायला ती घाबरायची. हे मात्र ओळंब्यांना मनातून बरंच वाटायचं, कारण त्या पाळण्याचे बोल्ट त्यांनी खालून बघितले होते. उरलं जहाज. सात नंबरचं टेबल, गोल खिडकीखाली, आणि दोघांत एक मॅकरोनी.

त्या वरच्या खरपूस थराला लेक ‘झाकण’ म्हणायची. झाकणावरून पहिल्याच रविवारी भांडण झालं. “तू जास्त घेतलंस!” म्हणून ती रुसून बसली. तेव्हा ओळंब्यांनी खिशातून पोलादी टेप काढला आणि दोन्ही तुकडे मोजून दाखवले. ती खुदकन हसली. मग तिनेच नियम काढला. झाकण ओळंब्यांनी चमच्याच्या दांड्याने मोडायचं, टेपने तिने मोजायचं, आणि ज्याच्याकडे मोठा तुकडा येईल त्याने एक खरी गोष्ट सांगायची. अगदी खरी. कुणालाच न सांगितलेली.

आणि काय सांगावं, लिफ्टचं दार मिलिमीटरमध्ये बसवणारा हा माणूस झाकण मात्र दर वेळी वाकडं मोडायचा. मोठा तुकडा लेकीलाच जायचा. तिला वाटायचं, आपलं नशीबच जोरावर आहे. मग ती सांगायची. गणितात नापास झाले आणि सही मीच केली. मैत्रिणीचं खोडरबर मी चोरलं. आई रात्री स्वयंपाकघरात एकटीच बोलत बसते. ओळंब्यांना लेकीचं आयुष्य असं महिन्याला एका तुकड्याएवढं मिळायचं आणि ते पुढच्या महिन्यापर्यंत पुरवून पुरवून वापरायचे. स्वतः मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही. सांगायची वेळच येऊ दिली नाही.

अकरा वर्षांची असताना एकदा तिने तुकडा हातात धरला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी आता त्यांना बाबा म्हणते.”

त्यांना म्हणजे आईच्या नव्या नवऱ्याला. माणूस चांगला होता, तिला सायकल शिकवणारा.

“बरं,” ओळंबे म्हणाले होते. आणि टेप गुंडाळून खिशात ठेवला होता.

त्या दिवसापासून तिने ओळंब्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नाही. ‘ऐक ना’ म्हणायची, ‘अरे’ म्हणायची. एका तोंडात दोन बाबा मावेनात, दुसरं काय. पुढे शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि रविवार आपोआप संपले. भांडण नाही, तंटा नाही. अधूनमधून फोन यायचा, ‘जेवलास का’, ‘हो’, ‘बरं’, एवढाच.

म्हणून उद्याचा दिवस. उद्या ओळंबे झाकण उलट्या बाजूने वाकडं मोडणार होते. मोठा तुकडा आपल्याकडे घेणार होते आणि इतकी वर्षं आत अडकलेली एक गोष्ट सांगून टाकणार होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आता नाही तर कधी? पण नुसतं समोर बसून असं काही बोलायची त्यांची छाती नव्हती. त्यांना ते झाकण हवं होतं.

“अगोबाई! टेपवाले ना तुम्ही?”

हातात फडकं घेतलेली एक बाई टेबल पुसता पुसता थांबली होती. पूर्वी हीच सात नंबरला वाढायची. दोघं तिला कप्तानबाई म्हणायचे. डोक्यावर टोपी अजून होती, पण ऑर्डर आता पडद्यावर जात असल्यामुळे तिच्याकडे फडकं आलं होतं.

“लेक कुठाय?” तिने विचारलं.

“उद्या येणार आहे.”

“मग तुम्ही आज काय करताय इथे?”

ओळंब्यांनी पडद्याकडे हात केला. “मॅकरोनी बंद केली.”

“केली ना मेल्यांनी! माणसांना आता हलकं खायला हवं म्हणे. मला सांगा, पाळण्यात बसून पोट ढवळल्यावर कुणाला पाला खावासा वाटतो?” ती जवळ आली, जरा हळू बोलली. “पण तुम्ही एवढं का मनाला लावून घेताय? लेक मॅकरोनीला भेटायला येतेय की तुम्हाला?”

ओळंब्यांनी खिशातला टेप चाचपला. खरं सांगायचं तर हे त्यांना माहीत नव्हतं.

उद्यानाबाहेरच्या बसथांब्यावर उभं राहून त्यांनी फोन लावला. आता यात त्यांची काय चूक झाली, ते कळायला त्यांचा धंदा कळायला हवा. लिफ्टमध्ये जरा जरी दोष सापडला, तरी तपासनिसाने पहिलं काम करायचं ते एकच. दाराला ‘बंद आहे’ची पाटी लावायची. माणूस अडकण्यापेक्षा जिन्याने गेलेला बरा.

“हॅलो! हां, बोल ना. उद्या सव्वाअकराला पोचते मी.”

“ती मॅकरोनी बंद झाली.”

“अं?”

“जहाजातली. मेनू बदलला. भट्टीपण काढून नेली. आज जाऊन बघून आलो.”

“तू आज गेला होतास?”

“खात्री करून घ्यावी म्हटलं. उगाच तुझा हेलपाटा नको.”



“अच्छा,” ती म्हणाली. “मग… राहू दे का? म्हणजे तुलापण दगदग. सकाळची एक थेट गाडी आहे, तिला जागा मिळतेय का बघते.”

इथे ती थांबली. कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की ती कशासाठी थांबली आहे. ‘वेडी का काय, मॅकरोनी गेली उडत, तू ये’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओळंब्यांच्या ओठांपर्यंत आलेसुद्धा.

“बरं,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते खोलीत खाटेवर बसून होते. समोर नवी खुर्ची होती. चार दिवसांपूर्वी घेतलेली, न जाणो, लेक म्हणाली की चल तुझी खोली दाखव, तर बसायला हवं काहीतरी. खुर्चीवरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं. एव्हाना तिची थेट गाडी न थांबता या गावावरून पुढे निघून गेली असेल. ओळंब्यांना स्वतःचा मनस्वी राग आला. आपण पाटी लावली. जेवणाला नाही, तिच्या येण्यालाच लावली. पोरगी दारात उभी होती आणि आपण तिला सांगितलं, बंद आहे, जिन्याने जा. एवढं कसं कळलं नाही आपल्याला?

ते उठले, शर्ट बदलला आणि पुन्हा दोन बस बदलून जहाजात गेले.

सात नंबरचं टेबल रिकामं होतं. कप्तानबाईने त्यांना एकटं येताना बघितलं आणि काही विचारलं नाही. पुसलेलंच टेबल तिने पुन्हा एकदा पुसलं. पडद्यावर बोट लावायला ओळंब्यांना दोनदा जमलं नाही, तेव्हा तिनेच येऊन लावून दिलं. “सूप घ्या,” ती म्हणाली. “त्यावर एक गोल टोस्ट येतो. बाकी सगळा पालाच आहे.”

सूप आलं. पांढऱ्या वाडग्यावर टोस्ट ठेवला होता, पातळ, कडक. झाकणासारखा तर मुळीच नव्हता. पाळण्यातल्या पोरांची आरडाओरड गोल खिडकीतून आत येत होती. आजूबाजूच्या टेबलांवर घरंच्या घरं बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं वाडगं होतं. कुणाचा हात कुणाच्या ताटात जात नव्हता. इतकं एकटं ओळंब्यांना कधी रिकाम्या लिफ्टमध्येही वाटलं नव्हतं.

त्यांनी चमचा उलटा धरला आणि दांड्याने टोस्ट मोडला. मुद्दाम वाकडा. मग खिशातून टेप काढला. दोन्ही तुकडे मोजले, मोठा आपल्या बाजूला ओढला आणि फोन लावला.

“हॅलो? काय झालं? बरा आहेस ना?” मागे गाडीचा खडखडाट येत होता.

“मी जहाजात आहे.”

“का?”

“सूप घेतलंय. वर टोस्ट येतो. तो मोडला.” त्यांनी घसा साफ केला. “मोठा तुकडा माझ्याकडे आलाय.”

खडखडाटातच तिने विचारलं, “मोजलास?”

“साडेसहा. तुझा साडेतीन.”

“बराच मोठा आहे.”

“हो.”

“मग बोल,” ती म्हणाली.

ओळंब्यांनी टेप टेबलावर ठेवला. तो पुन्हा हातात घेतला.

“तू अकरा वर्षांची होतीस. त्यांना बाबा म्हणते असं सांगितलंस. मी बरं म्हटलं. तुला सोडलं आणि घरी गेलोच नाही. कामावर गेलो. रविवार होता, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. लिफ्टमध्ये शिरलो आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे थांबवली. तासभर बसलो आत. रडलो गं. खूप रडलो. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत लिहावं लागतं ना, लिफ्ट का थांबली होती ते. मी लिहिलं, दोष सापडला नाही.” ते थांबले. कप्तानबाई दुसऱ्या टेबलापाशी पाठमोरी उभी होती, तिचं फडकं थांबलं होतं. “खोटं लिहिलं. आणि काल मला बरं म्हणायचं नव्हतं. ये म्हणायचं होतं. काही खायला नसतं तरी ये म्हणायचं होतं.”

गाडी पुलावरून जात असावी, खडखडाट मोठा झाला आणि मग कमी झाला. ओळंब्यांना वाटलं, फोन तुटला. त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. तिने फोन ठेवला नव्हता.

त्यांनी तो पुन्हा कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने छोटा तुकडा उचलून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.