काळा आहे, पण चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे आणि माझं तोंड काळं आहे. लाजण्यासारखं काही केलेलं नाही, मी आहेच तसा. मला ना चित्रं, ना रंगीत बटणं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की मी कामाला लागतो. माइकमधून येणारा आवाज उचलायचा आणि इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पोचवायचा, एवढंच माझं काम. तिथून तो ज्याला हवा त्याच्या मोबाईलवर जातो. लोक याला इंटरनेट रेडिओ म्हणतात आणि कौतुक मात्र बोलणाऱ्याचं करतात. असो.

मला साता समुद्रांपलीकडच्या काही हौशी माणसांनी बनवलं, तेही एकमेकांची तोंडं न पाहता. मग ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून फुकट सोडून दिलं. फुकटचा म्हणून मला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. केडगावच्या स्टेलाने मात्र मला मानाने घरी आणलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. अडगळीत पडलेला एक कॉम्प्युटर तिने झाडूनपुसून चालू केला, त्यात मला बसवलं आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवलं. हा सगळा खटाटोप तिच्या सासऱ्यांसाठी, शांतवन गुरुजींसाठी होता.

गुरुजी निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांची बायको रोझी गेली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज घरात ऐकूच येईनासा झाला. "पप्पा, रोज सकाळी इथे बसून बोला. ऐकणारे मिळतील," असं म्हणून स्टेलाने त्यांना माइकपुढे बसवलं.

पहिल्याच सकाळी गुरुजी म्हणाले, "हा तर बंदच पडलाय," आणि त्यांनी खुशाल प्लग उपसला. मी अर्ध्या वाक्यात गार! दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी स्टेलाने पडद्याच्या कडेला कागद चिकटवला आणि मोठ्याने वाचून दाखवला, "काळा आहे, पण चालू आहे." माझं इतकं खरं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

मग आमचे छान दिवस सुरू झाले. गुरुजी पेटीवर भजन म्हणायचे, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या गमती सांगायचे, पावसाचा अंदाज द्यायचे, "गोठा कोरडा ठेवा रे" म्हणून दटावायचे. त्यांना खोकला आला तर मी तोही पाठवायचो. निवडानिवड करणं माझ्या स्वभावात नाही. एकदा स्टेला हसून म्हणाली, "पप्पा, रेडिओसाठी इस्त्रीचा शर्ट?" गुरुजी म्हणाले, "शाळेत जाताना घालतच होतो की!" कार्यक्रम संपताना ते आपला फोन नंबर सांगायचे. फोन मात्र कधीच यायचा नाही.

एक दिवस स्टेलाने त्यांना मोबाईलवर एक नवी जागा दाखवली. किती जण ऐकतात, तो आकडा तिथे दिसतो. तो सर्व्हरकडे असतो, मला कधीच कळत नाही. गुरुजींनी पाहिलं, तर ऐकणारा एकच. दुसऱ्या दिवशीही एकच. रोज एकच. गुरुजींचा आवाज खाली आला, भजन एका कडव्यावर आलं. मला फार वाईट वाटलं, पण मी काय करणार? पडलेला आवाज मला उचलून धरता येत नाही. जसा येतो तसा पुढे पाठवावा लागतो.

एका सकाळी त्यांनी एंटर दाबलं आणि पेटी उघडण्याआधीच स्टेलाला हाक मारली. मी चालू झालोय हे ते साफ विसरले.

"स्टेला, आजचा शेवटचा कार्यक्रम. उद्या हे मशीन भंगारात देऊन टाक."

"का हो, पप्पा?"

"ऐकणारी तू एकटी. माझ्या समाधानासाठी रोज मोबाईल लावून ठेवतेस, मला कळत नाही का?"

"मी?" स्टेला चाचरली. "पप्पा, रागावू नका. या वेळेला मी भाकऱ्या थापू का रेडिओ लावू? मी कधीच ऐकत नाही."

गुरुजींनी खुर्ची मागे सरकवली. तो करकराटही मी इमानाने पाठवला. मग ते म्हणाले, "मग तो एक कोण?"

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजींनी तो स्पीकरवर टाकला.

"गुरुजी, मी मालनबाई बोलतीय, कर्जतकडच्या वस्तीवरनं. बंद कशापायी करताय? तुमचं आन सुनबाईचं समदं ऐकलं आमी."

"अहो बाई, ऐकणारं एकच माणूस आहे ना!"

"एक कसं? काकासाहेबानं त्याचा मोबाईल डेरीच्या भोंग्याला लावलाय की! दूध घालाया आल्याली समदी हितं उभी हायेत. भोंगा पार माज्या गोठ्यापतुर ऐकू येतो. तुमची पेटी वाजल्याबिगर माजी म्हस पान्हा सोडत न्हाई. आता तिला काय सांगू?"

डेरीवाला काकासाहेब हा गुरुजींचा कर्जतकडच्या शाळेतला विद्यार्थी. गुरुजींनी त्याला फोनवर बोलावलं. "अरे, मग एकदा तरी फोन करायचा!"

"गुरुजी, तुमी बोलत असताना मदी बोलायचं न्हाई, असं तुमीच शिकीवलंय."

तेवढ्यात फोनमधून एक ओळखीचा आवाज आला. "अहो बाई, ऐकणारं एकच माणूस आहे ना!" तिकडच्या भोंग्यावर वाजलेलं गुरुजींचंच वाक्य! सर्व्हरवरून फिरून भोंग्यापर्यंत जायला आवाजाला थोडा वेळ लागतो. किटल्यांच्या खणखणाटात सगळी डेरी हसली. मित्रांनो, इतकी वर्षं मी आवाज पाठवले, पण पोचलेला आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला आणि माझं मन भरून आलं. गुरुजींनी पेटी ओढली आणि भजनाची सगळी कडवी म्हटली.

आता मी म्हातारा झालोय. दुसरा कुणी रंगीत प्रोग्रॅम माझ्या जागी येईल, त्याचं मला दुःख नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्यासाठी रोज कुणी शिकवत असेल, गात असेल, भाकरी थापत असेल, तर मधेच बोलून का होईना, "आमच्यापर्यंत पोचलं बरं का" असं त्याला एकदा सांगा. मालनबाईच्या म्हशीने तिच्या परीने सांगितलं. तुम्हाला तर बोलता येतं.