भिंतीवरचे शब्द पाहिलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. चार पाय, चार दांडे आणि मधे अंबाडीच्या दोरीची वीण, एवढाच माझा पसारा. पुसेगावच्या अलीकडे एक तांडा आहे. तिथल्या वसरामच्या घरामागे, शेळ्यांच्या कोठ्यात, सध्या मला भिंतीला टेकवून उभी केलेली आहे. उभी बाज म्हणजे बिनकामाची बाज, हे मला कळतं. पण रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मी एक परीक्षा पाहिलेली आहे. नुसती पाहिली नाही, परीक्षा घेणारे साहेब माझ्यावरच बसले होते. ती हकिकत सांगितल्याशिवाय मी काही मोडायची नाही.

माझा जन्म १९८१ सालचा. वसरामच्या बांधावरची बाभूळ वाऱ्याने पडली आणि त्याने ती बैलगाडीत घालून पुसेगावच्या ग्यानोबा सुताराकडे नेली. ग्यानोबा हाताने चोख आणि तोंडाने तिखट. माझे पाय ठोकून झाल्यावर तो म्हणाला, "वसराम, हिच्यावर पाच पोते तूर टाक, ही कुरकुरली तर माझं नाव बदल." दोरी मात्र वसरामने घरच्या अंबाडीची वळली आणि तीन दुपारी बसून मला विणलं. त्याची बायको अनुसयाबाई दुसऱ्या बाजूने दोरी ताणून धरायची. वीण सैल वाटली की ती उसवायला लावायची. तिचा हात असा कडक होता म्हणून तर मी इतकी वर्षं टिकले.

माझ्यावर काय नाही झालं? मिरच्या वाळल्या, तापाने फणफणलेला वसराम चौदा दिवस निजला, त्याचा मुलगा देविदास उड्या मारमारून मोठा झाला. पण माझा खरा मान पाहुण्याचा. तांड्यात कुणी परका माणूस आला की मला उचलून लिंबाखाली ठेवत, वर अनुसयाबाईच्या हातची टाक्यांची गोधडी पडे आणि पाहुण्याला म्हणत, "बसा बाजंवर." त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, खोटं कशाला सांगू?

पुढे देविदासचं लग्न झालं आणि मिना घरात आली. बारावी शिकलेली ती तांड्यातली पहिली सून. दहावीला इंग्रजीत कशीबशी पास झालेली, हे ती स्वतःच हसत सांगायची. २००१ साली तांड्यावर वस्तीशाळा मंजूर झाली, तेव्हा शिकवायला मिनाच उभी राहिली. शाळा भरायची आमच्याच ओसरीत. सतरा लेकरं, एक फळा आणि बसायला पोती. शाळा लहान दिसली तरी तिचं मोल तांड्याला ठाऊक होतं. त्याआधी लेकरांना ओढा ओलांडून पुसेगावला जावं लागे. ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडायची, आणि दोनचारदा बुडाली की मुलींची कायमचीच सुटायची. शेजारच्या मिराबाईची थोरली तिसरीतच घरी बसली होती. धाकटी पुजा आता आमच्या ओसरीत पहिलीला होती.

त्या सुमाराला पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालेलं. लेकरं घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत, शाळेत मराठी शिकत, आणि आता हे तिसरं. शिकवायला एक रंगीत तक्ता आला, त्यावर घराचं चित्र. त्यात गुबगुबीत कोच होता, फ्रीज होता, अंघोळीचं पांढरं टोपलं होतं. पुजाने तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाई, ह्या घरात चूल कुठं हाय? हे लोक खातेत काय?"

 मिनाने तक्ता गुंडाळला आणि कंबर कसली. गेरू कालवला, काडीला चिंधी गुंडाळली आणि निघाली. ओसरीभोवतीच्या सहा घरांच्या भिंतींवर तिने इंग्रजी अक्षरांत 'वॉल' लिहिलं. दारांवर 'डोअर', खिडकीपाशी 'विंडो', पाण्याच्या मडक्यामागे 'पॉट', केरसुणी टांगायच्या खुंटीखाली 'ब्रूम'. माझ्या दांड्यावर 'कॉट' आलं. चुलीला मात्र मनासारखा शब्द मिळेना, म्हणून चूल चूलच राहिली.

"माझ्या भिंतीवर काहून लिवून राहिली गं?" मिराबाई वैतागून म्हणाली.

"भाभी, पोरीला पुस्तक घेता येत न्हाई ना? मग भिंतच पुस्तक समजा," मिना म्हणाली.

लेकरांनी त्याचा खेळ केला. ज्याच्या त्याच्या दारात उभं राहायचं आणि भिंतीवर हात ठेवून शब्द म्हटल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. मिराबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन यायची आणि पुजा दार अडवायची. "आधी म्हण." मान मोडायची वेळ आली की बिचारी "डोअर, माय, डोअर" म्हणून सुटका करून घ्यायची. अनुसयाबाई या खेळावर चिडायची. तिला त्या लाल अक्षरांचा मनापासून राग होता. चांगल्या सारवलेल्या भिंतीची सुनेने रया घालवली, असं ती मला झाडताना पुटपुटायची.

तशात जानेवारीत निरोप आला. तालुक्याचे साहेब शाळा तपासायला येणार. लेकरांना घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं सांगता आली, वाचता आली, तर शाळा तांड्यावर राहील. नाहीतर ती पुसेगावच्या शाळेत मिसळणार. म्हणजे पुन्हा तो ओढा. पुजा घरी बसणार हे मिराबाईने त्याच दिवशी बोलून दाखवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मिनाला सेनगावला बैठकीला जावं लागलं. जीप तिला घेऊन गेली आणि इकडे अनुसयाबाईने पदर खोचला. साहेब येणार, आणि तांड्याच्या भिंतींवर रेघोट्या? तांड्याची रीत अशी की मोठा पाहुणा यायचा असला की घर सारवायचं. तिने मिराबाईला हाक मारली, आणखी चौघी गोळा केल्या, पांढरी माती भिजवली आणि संध्याकाळपर्यंत सहाही घरं सारवून काढली. माझा दांडासुद्धा वाळूने घासला. मी ओरडणार कशी? दोरीला आवाज नसतो.

मिना जीपमधून उतरली आणि आधी भिंतींकडेच वळली. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, आणि एक अक्षर म्हणून शिल्लक नाही.

"कसं दिसून राहिलं?" अनुसयाबाईने कौतुकाने विचारलं.

मिना माझ्यावर येऊन बसली.  मग तिने सगळं सांगितलं. भिंती हाच शाळेचा तक्ता होता, साहेबांना तोच दाखवायचा होता. अनुसयाबाईचा चेहरा उतरला.  पण मिनाने तिला बोल लावला नाही. उठून गेरू कालवला. पण भिंत ओली होती, अक्षर काढलं की लाल ओघळ खाली यायचा. "उद्या सकाळी उठून लिहीन, पण लिहीनच," असं म्हणून तिने काडी खाली ठेवली.

सकाळी धुकं पडलेलं, भिंती अजून दमट. अकराला येणारे साहेब साडेआठलाच आले. मला लिंबाखाली आणलं, गोधडी पडली, साहेब बसले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने आपल्या पिशवीतून तोच रंगीत तक्ता काढला आणि कोचावर बोट ठेवलं. लेकरं गप्प. फ्रीजवर बोट ठेवलं. लेकरं गप्प. पुजा तेवढी म्हणाली, "हे आमच्याकडं न्हाई."

"तसं नाही चालत बाळ," साहेब म्हणाले आणि वही उघडली. मिना पुढे झाली. "साहेब, त्यांच्या घरातलं विचारा. सगळं शिकवलंय. भिंतींवर लिहिलेलं होतं."

साहेबांनी कोऱ्या भिंतींकडे पाहिलं. "कुठे लिहिलंय?"

तेव्हा अनुसयाबाई गर्दीतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरला आणि साहेबांसमोर उभी राहिली. "पोरीची चूक न्हाई साहेब. गुन्हा माझा हाय. म्या पुसलं."

"काय पुसलं, बाई?"

"काय म्हंजे? सगळंच. चला, दावते." ती तरातरा पहिल्या घराकडे गेली आणि ओल्या भिंतीवर तळहात ठेवला. "इथं वॉल व्हतं. ह्या दारावर डोअर. तिकडं विंडो. खुंटीखाली ब्रूम, ते म्या दोन डाव घासलं, निघंना." ती पुढे सरकली तशी मिराबाई आपल्या घरापुढे आली. "माझ्याकडं बी वॉल व्हतं साहेब. आन मडक्यामागं पॉट. ते म्या पुसलं." मग बाकीच्या चौघी. जिने जे पुसलं होतं ते ती हात ठेवून सांगत होती, अगदी कबुलीजबाब दिल्यासारखी. पोरं मागोमाग धावत तेच ओरडत होती. अनुसयाबाई सहा घरं फिरून परत आली आणि साहेबांकडे बोट करून म्हणाली, "आन तुमी बसले ती कॉट."

साहेब हसले. मग त्यांनी पुजाला जवळ बोलावून चुलीतला एक कोळसा मागवून दिला. "लिहिता येतं का?" पुजाने धावत जाऊन आपल्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'वॉल' लिहिलं. कोळसा ओल्या मातीत रुतला, पण अक्षर उभं राहिलं. मग सतराही लेकरांना कोळसा हवा झाला. अनुसयाबाईची ती देखणी भिंत अर्ध्या तासात काळी झाली आणि ती कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली.

साहेबांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. शाळा इथेच चालू ठेवावी. शिकणारे, सतरा.

मिनाने डोळे पुसले. अनुसयाबाई मात्र वहीकडे वाकून पाहत होती.

"साहेब, सतराच काहून?" ती म्हणाली. "आमी साहा जणी बी हावोत ना."

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं, सतरा खोडलं आणि तेवीस लिहिलं.

मित्रांनो, त्यानंतर देविदासने लोखंडी पलंग आणला, पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी दोरी सैल पडत गेली. त्याचं मला फारसं दुःख नाही, जुन्याला कधीतरी बाजूला व्हावंच लागतं. एवढंच मागते. माझी दोरी ताणायला फक्त एक दुपार लागते, आणि ताणली तर मी अजून वीस वर्षं माणूस पेलीन. आणि तुमच्या घरात कुणी आई, आजी, काकू तुम्ही शिकताना नुसती झाडत, सारवत, पाणी भरत असेल, तर तिला काही येत नाही असं धरून चालू नका. एकदा तिला विचारून बघा, आणि मोजताना तिलाही मोजा.