नभा वनचा विसार

करण सर पुण्याहून आले ते पांढरे बूट घालून. नगरला मनमाड रोडवरच्या आमच्या शोरूमसमोर सहा महिने गटाराचं खोदकाम चालू होतं, त्यामुळे त्यांना गाडीपासून दारापर्यंत फळीवरून आणावं लागलं. आमचे मालक आबासाहेब स्वतः फळीचं टोक धरून चिखलात उभे होते. अकरा वर्षं मी गाड्या विकते आहे. एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हेड ऑफिसच्या माणसाला जितकं कमी कळतं, तितका त्याला पडदा मोठा लागतो.

त्या दिवशी पडद्यावर जिन्याचं चित्र होतं. कंपनीची नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही यायची होती, नाव नभा. तिचे तीन प्रकार. नभा वन, बारा लाख नव्व्याण्णव हजार. नभा टू, सोळा लाख. नभा थ्री, एकवीस लाख, तिला वर काचेचं छत आणि बसायच्या जागेतून गार वारा. जाहिरात करायची ती वनच्या किमतीची, आणि कारखान्यातून आधी काढायची थ्री. मग टू. वन ‘पुढच्या टप्प्यात’. पुढचा टप्पा म्हणजे कधी, ते पडद्यावर नव्हतं.

“ग्राहक बारा नव्व्याण्णव बघून आत येतो,” सर म्हणाले, “आणि आत आल्यावर आपण त्याला एकेक पायरी वर चढवायचं.” आबासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब कशालाही टाळ्या वाजवतात.

मी घोडेगावची. माझे वडील कानिफनाथ, त्यांना सगळा तालुका नाना म्हणतो, तिथल्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली करतात. दारात धष्टपुष्ट म्हैस बांधायची आणि भाव मागच्या भाकड म्हशीचा सांगायचा, ही युक्ती तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. फरक एवढाच, की तिथं मागची म्हैस मागे खरोखर उभी असते. करण सरांची म्हैस अजून जन्माला यायची होती, आणि हे शिकायला हा माणूस दोन वर्षं परदेशात राहून आला होता.

मग त्यांनी विचारलं, “बुकिंगच्या टोकनला गावाकडे काय म्हणायचं? लोकांना आपलं वाटेल असं काहीतरी हवं.”

आणि इथं मी माझं शहाणपण पाजळलं. कुणी मागितलं नव्हतं तेवढं. म्हटलं, “सर, टोकन-बिकन कुणाला कळत नाही. आमच्याकडे विसार म्हणतात. सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे विसार म्हणून हातावर ठेवतो. त्यानंतर भाव फिरत नाही, जनावर दुसऱ्याला जात नाही. घेणारा फिरला तर त्याचा विसार बुडाला. विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा.”

“विसार. लव्हली,” सर म्हणाले आणि तेवढा एक शब्द त्यांनी फोनमध्ये टिपून घेतला. बाकीचं टिपून घ्यावं असं त्यांना वाटलं नाही.

आठ दिवसांत नगरपासून नेवाशापर्यंत फलक लागले. ‘फक्त २१ हजार विसार द्या, नभा वन तुमची!’ एक फलक घोडेगावात बाजाराच्या फाटकासमोरच होता. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. माझा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत. मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हा जरा वर बघितलं असतं तर खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलेलं दिसलं असतं. पण मी वर बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत होते.

शुक्रवारी बाजार भरला तेव्हा नानांनी मला बोलावून घेतलं. ते पत्र्याच्या शेडखाली त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते.

“गाडी कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“यायची आहे, नाना.”

“म्हंजे पाण्यात म्हैस, वर मोल.” ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “पर विसार घेतीया ना कंपनी? मंग भाव बांधला गेला. तू सांग. तुजा शब्द हाय का?”

मला तो पडदा आठवत होता. जिना आठवत होता, ‘पुढच्या टप्प्यात’ आठवत होतं. पण महिन्याला तीस बुकिंगचं टार्गेट होतं आणि माझी झाली होती अकरा. मी म्हणाले, “आहे, नाना.” एवढंच म्हणाले. त्यांना तेवढं पुरलं.

नानांनी नऊ माणसं आणली. त्यांतला सगळ्यात हौशी सूर्यभान. चौदा म्हशी, गोठ्यावर सोलर. “विजेचं काय मोल न्हाई मला. गाडीला वैरण फुकट,” असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. नऊही जणांनी नभा वन मागितली, नऊही जणांनी कागदावर न वाचता सही केली, कारण कागद त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांच्यासाठी नाना होते. सही कुठं करायची ते मी बोट ठेवून दाखवत होते.

पुढचे चार महिने शोरूममध्ये लाल रंगाची नभा थ्री काचेमागे उभी होती. लोक यायचे, गार वाऱ्याच्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, वन कुठं आहे? आम्ही सांगायचो, येतेय. सांगताना माझा चेहरा गंभीर असायचा. एवढं तरी अकरा वर्षांत शिकले आहे.

मग एका सोमवारी मेल आला. प्रारंभिक किमतीची मुदत संपली. वन आता चौदा लाख एकोणपन्नास हजार, आणि मिळेल पुढच्या वर्षाच्या शेवटी. बुकिंग केलेल्यांनी एक तर थांबावं, नाही तर टू किंवा थ्री घ्यावी, ती लगेच मिळेल. दोन्ही नको असेल तर पैसे पंचेचाळीस दिवसांत परत. मेलच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र होतं.

मी करण सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, आपण विसार घेतलाय.”

“अश्विनी, ती बॅनरची भाषा आहे,” ते म्हणाले. “खाली लिहिलंय ना, किंमत बदलू शकते म्हणून.”

“खालचं कोण वाचतं?”

“एक्झॅक्टली,” सर म्हणाले.

मी आबासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “ताई, आपण पोस्टमन. पत्रात काय लिहिलंय त्याला पोस्टमन काय करणार?” पोस्टमनला दर गाडीमागं कमिशन मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. कमिशन मलाही मिळत होतं.

त्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि बाजारात गेले. नऊ जण शोरूमला आले नव्हते. कशाला येतील? त्यांच्या लेखी त्यांनी शोरूमला पैसे दिलेच नव्हते, नानांना दिले होते. ते नानांसमोर उभे होते, आणि आजूबाजूच्या दावणींवरचे सौदे थांबले होते. टॉवेलाखाली बोटं धरून भाव करणाऱ्या माणसांनी हात तसेच धरून माना इकडे वळवल्या होत्या. दलालाकडे दुकान नसतं, माल नसतो, पाटी नसते. दोन अनोळखी माणसांमध्ये बसून त्यानं ‘हा भाव बरोबर आहे’ म्हटलं की दोघांनी मान डोलवायची, एवढाच त्याचा धंदा. त्या दिवशी तो धंदा राहतो की जातो, हे बघायला सगळे थांबले होते.

“नाना, भाव फिरला म्हनं,” सूर्यभान म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. त्याला लाज वाटत होती, नानांच्या वतीनं.

नानांनी मला विचारलं, “कंपनी फिरली?”

“हो.”

“दुप्पट देनार का?”

“नाही. मुद्दल देणार. पंचेचाळीस दिवसांनी.”

“तुला म्हाईत हुतं?”

मी म्हणाले, “थोडं.”

थोडं! आयुष्यात इतका भिकार शब्द मी दुसरा उच्चारला नसेल. म्हातारी गाय तरणी म्हणून विकणारे लबाड मी त्या बाजारात लहानपणापासून बघितले आहेत. पकडले गेले की तेसुद्धा म्हणायचे, थोडं वय जास्त असंल.

नाना उठले. समोरच पतसंस्था आहे, तिथं जाऊन त्यांनी घराच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेली ठेव मोडली. दुपारी परत येऊन त्यांनी एकेकाला पुढं बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकवीस हजार ठेवले. “मुद्दल कंपनी दील. ह्यो वरचा.”

सूर्यभाननं हात मागं घेतला. “नाना, फिरली ती कंपनी. तुमचा काय संबंध?”

“कंपनीला तू कवा बघितलंस?” नाना म्हणाले. “मला बघून विसार दिलास. घे.”

त्यानं घेतले. नऊही जणांनी घेतले. मग दावणींवरचे सौदे पुन्हा सुरू झाले, आणि पाच वाजायच्या आत नानांकडे तीन नवी गिऱ्हाइकं आली. मी शेडच्या खांबाला टेकून उभी होते. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. माझ्याशी कुणी बोललंच नाही.

आता पुढची मजा ऐका. माणसाला गाडीची हौस लागली की ती सहजासहजी सुटत नाही. हातात फुकटचे एकवीस हजार आले, काचेमागची लाल गाडी डोळ्यांसमोर होती, आणि नऊ जणांपैकी चौघांनी टू घेतली. सूर्यभान त्यात पहिला. नानांनी आपला शब्द राखायला दिलेला पैसा सरळ कंपनीच्या गल्ल्यात गेला. नानांना ते कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, “पैसा त्येंचा, त्येंनी कुटंबी घालावा.”

महिन्यानं करण सर पुन्हा आले. पडद्यावर तोच जिना होता, आता त्यावर चढणारी चार माणसं काढली होती, डोक्यावर टोप्या घालून. वर लिहिलं होतं ‘नगर मॉडेल’. सगळ्या राज्यात ग्रामीण भागातले सर्वांत जास्त ग्राहक आमच्या शोरूमनं पायरी चढवले होते. मला सगळ्यांसमोर बोलावून काचेची ट्रॉफी दिली. टाळ्यांची सुरुवात अर्थात आबासाहेबांनी केली.

मी माइक घेतला आणि सांगितलं, ही चार माणसं कुणाच्या पैशानं चढली ते. नऊ जणांचं, पतसंस्थेचं, सगळं. सांगताना माझा आवाज चढला होता. मला वाटलं, आता तरी ह्या माणसाला काहीतरी टोचेल.

करण सरांचे डोळे चमकले. “माय गॉड,” ते म्हणाले, “हे तर कॅम्पेन आहे! वडिलांचा एक व्हिडिओ करू या. बाजारात, म्हशींबरोबर. ‘नानांचा शब्द, नभाचा विश्वास.’”

“सर,” मी म्हणाले, “माझ्या बापाचं नाव तुम्ही तोंडातून काढू नका. तुमची ती लायकी नाही.”

ते हसले. त्यांना वाटलं मी मानधनाची बोलणी करते आहे. आबासाहेबांनी सगळ्यांना जेवायला चला म्हटलं, आणि सगळे गेले.

मी नोकरी सोडली नाही. ताडकन उठून राजीनामा फेकणाऱ्या बायका गोष्टींत असतात. मी दुसऱ्या दिवशी दहाला हजर होते आणि साडेदहाला एका मास्तरांना थ्रीचं काचेचं छत उघडून दाखवत होते. करण सरांची मला किळस येते हे खरं. पण त्यांनी कुणाच्या तोंडावर शब्द दिला नव्हता. तो मी दिला होता, बापाच्या तोंडावर, तीसांपैकी अकराच बुकिंग झालेली असताना.

परवाच्या शुक्रवारी नानांचा डबा घेऊन बाजारात गेले. त्यांच्याजवळ जामखेडकडचा एक जण बसला होता, बिभीषण नावाचा. दोन म्हशी घेऊन झाल्या होत्या, सौदा मनासारखा झाला होता, माणूस खुशीत होता. मला बघून त्यानं विचारलं, “नाना, हीच का तुमची लेक? गाड्या इकती म्हनं. मलाबी ती इजंवरची घ्यायची हाय.”

“घे की,” नाना म्हणाले. “गाडी चांगली हाय. सूर्यभानची बसून बघितली म्या.”

“मंग झालंच. ताईसंगं आत्ताच बोलून घेतो. तुमच्या लेकीनं सांगितल्यावर काय बघायचं?”

नानांनी डब्याचं झाकण काढलं. म्हशीची खोड गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचा जो आवाज असतो, राग नाही, लोभ नाही, त्याच आवाजात ते म्हणाले, “तसं करू नको. गाडी दारात आली की चालवून बघ. कागद दुसऱ्याकडून वाचून घे. मंग पैसे दे. हिच्या शब्दावर एक रुपया देऊ नको.”

बिभीषणनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं मान खाली घातली. नाना म्हणाले ते खरं का, असं त्यानं विचारलं नाही. बाजारात ते कुणीच विचारत नाही.