मागे पडलेले तीन सेकंद

मित्रांनो, मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. माझी मूठभर काया पाहून हसू नका. एके काळी अख्खे मैदान माझ्यावर डोळे लावून बसायचे.

कारखान्यात माझी चाके जुळली आणि मी थेट मास्तरांच्या खिशात आले. ते मुलांना पळायला शिकवत, आणि असा माणूस तेव्हा कुणी पाहिलाच नव्हता. "पळायची कसली शिकवणी? कुत्रं मागे लागलं की येतं आपोआप!" असे शेजारी म्हणायचे. मास्तर हसायचे आणि पहाटे मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे. शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजाआधी धूर दिसतो, म्हणून ते धुरावर नजर ठेवून माझे बटण दाबत. इतका काटेकोर माणूस!

एकदा मी त्यांच्या हातून दगडी पायरीवर पडले. काच तडकली, पण टिकटिक चालू राहिली. त्यानंतर सगळ्यांच्या वेळा एकाएकी सुधारल्या. मास्तरांना आभाळ ठेंगणे झाले. शिंपीणबाईंच्या उंच लेकीला सगळे शिडी म्हणत. तिची तर मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली.

मग काच बदलायला आम्ही घड्याळजीकडे गेलो.

"मास्तर, हे मिनिटाला तीन सेकंद मागे पडतंय."

मास्तरांना सगळ्यांच्या सुधारलेल्या वेळा आठवल्या.

"मी कुणाला बोलणार नाही," घड्याळजी हळूच म्हणाला.

मास्तरांनी तडक शिडीचे घर गाठले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"म्हणजे मी हळू पळते?" शिडीचे डोळे भरले.

"घड्याळ हळू होतं, पोरी. मी तपासलं नाही. चूक माझी."

त्यांनी निवड समितीला खरे ते लिहून कळवले आणि तिची जागा गेली.

आठ दिवस ती मैदानाकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी बूट हातात घेऊन आली. "दुरुस्त झालं? आधी खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाशी लावून दाखवा." पाच मिनिटे दोघे दोन्ही घड्याळांकडे बघत उभे होते. मग ती पळाली. ती खोटी वेळ खरी करायला तिला चार वर्षे लागली. तिने ती वेळ गाठली त्या दिवशी मास्तरांनी मला तीनदा कानाला लावून पाहिले आणि ते ढसाढसा रडले.

आता मास्तर नाहीत. शिडीच मुलांना शिकवते. तिच्याकडे बॅटरीची घड्याळे आहेत आणि मी टेबलाच्या खणात पडून असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र ती मला चावी देते, भिंतीवरच्या घड्याळाखाली धरते आणि मुलांना पाच मिनिटे गप्प उभे करते.

मित्रांनो, मी खोटे बोलते आहे हे मलाही ठाऊक नव्हते. म्हणून माझ्यासारखे कुणी पडले, तर लगेच घड्याळजीकडे न्या. आणि कुणाला शाबासकी देण्याआधी किंवा रागावण्याआधी, आपल्या हातातले घड्याळ एकदा तपासून घ्या.