नजीबचं नाव

आखातातल्या तुबलीच्या गॅरेजात सकाळची पहिली हाक फोरमन रहिमतुल्लाची असायची. "ए हबशी, जॅक आण." नजीब हसत जॅक आणायचा. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. नजीब मुरुडकडचा सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आलेल्यांच्या वंशातला. रंग काळाभोर, केस कुरळे, बाकी बोलणं-खाणं रत्नागिरीच्या रहिमतुल्लासारखंच. हबशी हे नाव पहिल्याच दिवशी रहिमतुल्लाने ठेवलं आणि बघता बघता ते गॅरेजात, बाजारात, मशिदीबाहेर सगळ्यांच्या तोंडी बसलं. नोकरी मी लावली, लग्न मी जमवलं, मग थट्टेचा एवढा हक्क नको का, असं तो म्हणे. नजीबला काय वाटतं, हे विचारायचं मात्र कधी कुणाला सुचलं नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी कोकणी कुटुंबं बागेत जमली होती. माइक रहिमतुल्लाकडे होता. लहान मुलं एकेक करून पुढे येत, नाव सांगत आणि खाऊ घेऊन पळत. नजीबची सहा वर्षांची सुमय्या पिवळा फ्रॉक घालून आली.

"पूर्ण नाव सांग बाळा."

"सुमय्या हबशी," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

बापाला सगळे हेच म्हणतात, तेव्हा आडनाव हेच असणार, असा त्या लेकराचा साधा हिशेब. बाग खो खो हसली. रहिमतुल्लाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. नजीबही हसला. फक्त त्याने हातातली ताटली खाली ठेवली, ते त्याच्या बायकोने, नूरबानोने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नजीब कामावर आला नाही. जेवत नाही, आंघोळ करत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो, असं नूरबानोने फोनवर सांगितलं. मनाच्या डॉक्टरकडे नाव घातलंय, हेही सांगितलं. रहिमतुल्ला हादरलाच. वेडाचा शिक्का बसेल, त्यापेक्षा लीव्ह टाकून गावाला धाड, असं त्याने परोपरीने समजावलं.

"गावातपण हेच नाव हाय, रहिमतभाई," ती म्हणाली. "कुठं धाडू?"

आठवड्याने तो संत्री घेऊन त्यांच्या जिदहफ्सच्या खोलीवर गेला. गाडीत त्याने नाव घोकलं होतं. अठरा वर्षांत ते त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं.

"नजीब."

नजीब खाली बघत राहिला, जणू हाक दुसऱ्याच कुणाला होती. रहिमतुल्लाने पुन्हा हाक मारली. मग गडबडीत जुनी सवय तोंडातून निसटली. "ए हबशी."

नजीबने मान वर केली आणि हसला. तेच रोजचं, दात दाखवणारं हसू. डोळे ओले होते, तरी हसू जागचं हलत नव्हतं. याच हसण्याला आपण अठरा वर्षं होकार समजलो, हे रहिमतुल्लाच्या लक्षात आलं आणि तो मटकन खालीच बसून रडू लागला.

नूरबानोने त्याला पाणी दिलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही हसायची सवय सुटायला वेळ लागंल. दर मंगळवारी जायचं हाय."

मी गाडीने नेतो, असं तो म्हणाला.

"गाडी नको. जिथं हसलात, तिथंच उभं राहून सांगा. पोरीच्या देखत."

पुढच्या मेळाव्यात रहिमतुल्ला उभा राहिला. नजीब आला नव्हता. पहिल्या रांगेत सुमय्या आईच्या मांडीवर बसली होती. नजीब इब्राहिम सिद्दी, असं पूर्ण नाव घेऊन त्याने माफी मागितली.

"नजीब म्हणजे कंचा?" मागून कुणीतरी विचारलं. "आपला हबशी?"

निम्मी बाग हसली. सुमय्याने आईकडे पाहिलं.

रहिमतुल्ला हसला नाही. हसणं थांबेपर्यंत तो माइक धरून तसाच उभा राहिला, आणि मग त्याने ते नाव पुन्हा पहिल्यापासून घेतलं.